दस्तरखान कोण उचलते?

वार्षिकांकासाठी आलेले साहित्य वाचायला बसलो की एक लेख दरवर्षी हमखास हाती येतो. लेखक वेगळा असतो, गाव वेगळे असते, लेख मात्र तोच असतो. त्यात रमजानचा महिना असतो, पहाटेचा काळोख असतो, सहेरीसाठी दारोदार हाक देत जाणारा कोणी फकीर असतो आणि चुलीपुढे अम्मी असते. अम्मीच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आणि शीरखुर्म्याची आठवण येऊन लेखकाचे डोळे भरून येतात. लेख संपतो. तो वाचताना आमचेही डोळे पाणावतात, कारण आमचीही अम्मी तशीच होती. असे लेख आम्ही स्वतः लिहिले आहेत आणि इतरांचे आवर्जून छापले आहेत.

आता मात्र या लेखांविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्यांत चव आहे, वास आहे, मायाही आहे. श्रम तेवढे नाहीत. शीरखुर्मा करायचा म्हणजे खारका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांचे उभे पातळ काप करायचे, चारोळी भिजवून बोटांच्या चिमटीत तिची साले काढायची, बदाम सोलायचे, शेवया तुपावर परतायच्या आणि दूध आटेपर्यंत पातेल्यापाशी उभे राहायचे. शेवया विकत मिळत नसत तेव्हा त्या घरीच करून खाटेवर वाळत घालायच्या आणि कोंबड्यांपासून राखायच्या. हे सगळे चाँदरातीपर्यंत उरकायचे, रोजा धरून. आमच्या आठवणींच्या लेखांतून पातेले थेट भरलेलेच प्रकट होते. अम्मीने सहेरी स्वतः कधी खाल्ली? तिचा घास अजानीच्या आधी संपला की अर्धाच राहिला? लेखकाला आठवत नाही. त्याने ते पाहिलेलेच नसते. तो तेव्हा जेवत असतो.

मुस्लिम मराठी साहित्याची समीक्षा आम्ही सगळ्यांनी मिळून बरीच वर्षे केली. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून अस्मिता, भाषा, दंगल, दारिद्र्य आणि आमच्याविषयीचे गैरसमज यांवर पुष्कळ लिहिले गेले. स्त्रीप्रश्नावरही कमी लिहिले नाही. पण त्या स्त्रीप्रश्नाची व्याप्ती काय होती? तलाक, पोटगी, बुरखा, सवत. शाहबानो प्रकरणाच्या १९८५ च्या निकालापासून तिहेरी तलाकवरच्या २०१९ च्या कायद्यापर्यंत आमची सगळी चर्चा मोडलेल्या लग्नाभोवती फिरली. तो प्रश्न खोटा नव्हता. पण मोडलेल्या लग्नांपेक्षा न मोडलेली लग्ने कितीतरी जास्त असतात. शौहर सज्जन आहे, हात उगारत नाही, दुसरे लग्न करत नाही, पगार घरात आणून देतो, अशा घरात सकाळी पाणी कोण भरते आणि रात्री भांडी कोण घासते, हा विषय आमच्या कथांत नाही आणि समीक्षेत तर त्याहून नाही. सज्जन नवऱ्याच्या घरात कथा कसली, असेच आम्ही धरून चाललो.

हे मनात येण्याचे कारण म्हणजे रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा आम्ही बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचली. बंगालमधल्या रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी १८८० साली जन्मलेल्या या बाईने ती इंग्रजीत लिहिली आणि १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती छापून आली. सुलताना आरामखुर्चीत डुलकी घेते आणि स्वप्नात स्त्रियांच्या राज्यात पोचते. तिथे बायका रस्त्यावर निर्धास्त फिरतात, विद्यापीठे चालवतात, ढगांतून पाणी काढतात, सूर्याची उष्णता साठवतात. पुरुष कुठे आहेत, असे ती विचारते. ते मर्दान्यात आहेत, जिथे असायला हवेत तिथेच! ते मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात, घरची सगळी कामे करतात.

आपल्याकडे या कथेचा उल्लेख होतो तो पडद्याची उलटापालट म्हणून, नाहीतर पहिल्यावहिल्या विज्ञानकथांपैकी एक म्हणून. दोन्ही खरे आहे. पण या वाचनात आम्ही थांबलो ते कथेतल्या हिशेबापाशी. सुलताना आपल्या यजमानीणबाईंचे भरतकाम पाहते आणि विचारते, कचेरीचे काम करून याला वेळ कसा मिळतो? बाई सांगतात की प्रयोगशाळेतले काम त्या दोन तासांत संपवतात. पुरुष मात्र दिवसभर कचेरीत बसतात, कामाविषयी बोलतात फार आणि करतात थोडे. एक चिरूट जळायला अर्धा तास धरा, दिवसाला बारा चिरूट धरा, म्हणजे सहा तास गेले धुरात. विनोद म्हणून हे वाचून सोडून देता येते. पण शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी जनानखान्यातून पाहणाऱ्या एका मुस्लिम बाईने नवऱ्यांच्या ‘कामावर असण्या’ची तासांत मोजदाद केली, ही गोष्ट साधी नाही. घरकामाची मोजदाद व्हायला हवी असे आज सगळेच म्हणतात. रुकैयाबाईंनी मोजले ते बाहेरचे काम. तुम्ही दमून येता म्हणता, तर दाखवा बरे किती तास दमलात?

ही कथा लिहिली गेली तेव्हा त्यांचे पती भागलपूरकडे सरकारी अधिकारी होते आणि दोन दिवसांच्या फिरतीवर गेले होते. परत आल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि हा तर भयंकर सूड आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ही आठवण बाईंनीच नोंदवून ठेवली आहे. सखावत हुसेन पत्नीच्या शिक्षणाला उत्तेजन देणारे गृहस्थ होते. १९०९ साली ते वारले आणि त्यांच्या नावाने बाईंनी चालवलेली मुलींची शाळा १९११ पासून कलकत्त्यात उभी राहिली. म्हणजे हा सूड दुष्ट नवऱ्यावरचा नव्हता. सज्जन नवऱ्याच्या घरातही कथा असते, ती ही अशी.

मात्र कथेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर समीक्षा कसली. त्या राज्यात काम वाटले गेलेले नाही, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले आहे. आधी बाई कोंडलेली होती, आता पुरुष. बाहेर आणि आत अशी फाळणी कायम आहे. आणि चूल हलकी कशी झाली? सूर्याच्या उष्णतेने. धूर नाही, कोळसा नाही, स्वयंपाकघर भाजीच्या बागेत, असे साधले की स्वयंपाक म्हणजे आनंदच, असे कथा म्हणते. आमच्या अनुभवाचे माप निराळे आहे. आमच्या घरी चूल गेली, स्टोव्ह आला, स्टोव्ह गेला, गॅस आला, मिक्सर आला. धूर गेला हे खरे, आणि ती मोठीच सुटका होती. पण ओट्यापाशी उभे राहणारे माणूस बदलले नाही. उलट ‘आता गॅस आहे ना’ म्हणून दोन पदार्थ वाढले. यंत्राने श्रम कमी होतात, श्रमाची वाटणी आपोआप होत नाही. रुकैयाबाईंना हे कळत नव्हते असे नाही. त्याच काळातल्या ‘सुगृहिणी’ या बंगाली निबंधात त्यांनी घर नीट चालवायला रसायनशास्त्रापर्यंतचे ज्ञान लागते, म्हणून बाईला शिकवा, असा युक्तिवाद केला आहे. तिथे घर बाईचेच आहे. निबंधात समाजाला पटवायचे होते म्हणून घर बाईकडे ठेवले आणि स्वप्नात कोणाला पटवायचे नव्हते म्हणून ते पुरुषाकडे दिले, असे आम्हाला वाटते. दोघांनी मिळून करायचे घर त्यांच्या निबंधातही नाही आणि स्वप्नातही नाही. ते लिहिणे पुढच्यांवर राहिले होते. पुढच्यांत आम्हीही येतो.

आता आपल्याकडचे पाहू. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन १९९५ साली आले. हमीद दलवाईंनी आयुष्य चळवळीला दिले, हे आम्ही भाषणांत सांगतो. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ, १९७७ साली अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. त्या वर्षांत घर कशावर चालले? मेहरुन्निसाबाईंच्या नोकरीवर. मोर्चातल्या सात बायकांत त्या होत्या, नोकरी त्यांची होती, दोन मुली होत्या, घर होते आणि शेवटी नवऱ्याचे जीवघेणे आजारपण होते. आमच्या समीक्षकांनी हे पुस्तक कसे वाचले? हमीद दलवाईंच्या चरित्राचे साधन म्हणून. बाईंनी आपले आयुष्य सांगितले आणि आम्ही त्यातून नवऱ्याच्या तारखा टिपून घेतल्या. कमावणारी बाई आणि चळवळ करणारा पुरुष, असे उलटे घर मराठी मुस्लिम समाजात साठ-सत्तरच्या दशकात प्रत्यक्ष उभे होते. त्यासाठी स्वप्नात जायची गरज नव्हती. पण कमाई बाईकडे आली म्हणून चूल पुरुषाकडे गेली का, हा प्रश्न त्या पुस्तकाला कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्हीही विचारला नव्हता.

शाहीर अमर शेखांची कन्या मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’चे (१९८४) तर याहून वाईट झाले. नामदेव ढसाळांविषयी त्यात काय काय आहे, एवढ्यापुरतेच ते चघळले गेले. पैशाची ओढाताण, अंगावरचे मूल, कवीच्या घरात कवयित्रीला कवितेसाठी न उरणारी जागा, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या घरातही दूध कोण आणणार हे ठरलेलेच होते. तिकडे आमचे लक्ष गेले नाही, कारण तो भाग आम्हाला ‘साहित्यबाह्य’ वाटला.

साहित्यबाह्य म्हणजे काय असते, ते आकडे सांगतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. यातली गोम अशी की ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. त्या दिवशी असे काही काम केलेले पुरुष शंभरात सव्वीसच होते, स्त्रिया एक्क्याऐंशी. बाकीच्या चौऱ्याहत्तर पुरुषांची मिनिटे शून्य. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. बायकांची दहा मिनिटे वाचली, चांगले झाले. पण ती पुरुषांनी उचलली असे नाही, त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली! २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांची गणना अनुत्पादक म्हणून भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत झाली होती. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली. भिकारी-कैद्यांच्या पंगतीत बसवण्यापेक्षा आमचे आठवणींचे लेख बरे, निदान जन्नत तरी अम्मीच्या पायाखाली ठेवतात. पण मोजदाद दोन्हींकडे नाही.

इथे कोणी म्हणेल, आपल्या मजहबने बाईला मान दिला आहे. दिला आहे, म्हणूनच बोलायला हवे. आम्ही कोकणातले, शाफई. स्वयंपाक आणि झाडलोट ही बायकोवर कायद्याने लादता येणारी जबाबदारी नाही, निकाह हा त्या चाकरीचा करार नव्हे, असे शाफई फिकहचे मत आहे. हनफी फकिहांनीही ती काझीकडून सक्तीने करवून घेण्याची गोष्ट मानलेली नाही, नैतिक कर्तव्यात धरली आहे. हजरत आयेशांना विचारले गेले की पैगंबर घरी काय करीत, तर त्या म्हणाल्या की ते घरच्यांच्या सेवेत असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस बुखारीत आहे. जात्याने हजरत फातिमांच्या हाताला घट्टे पडले होते, तीही आठवण हदीसग्रंथांनी जपून ठेवली आहे. म्हणजे त्या काळच्या लोकांना घट्टे दिसत होते. आमच्या मोहल्ल्यात निकाहाचा खुतबा आम्ही शेकड्यांनी ऐकला असेल. नवरदेवाला फिकहमधली ही गोष्ट सांगितलेली एकदाही ऐकली नाही.

आणि पुरुषाला स्वयंपाक येत नाही, हे तर कोकणात कोणी बोलूच नये. जहाजावर जाणाऱ्या आमच्या वाडवडिलांत भंडारी असत. जहाजावरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी. सत्तरच्या दशकापासून गावेच्या गावे आखातात गेली. कुवेत-दुबईच्या खोल्यांत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत आणि प्रत्येकाचे वार लावलेले असत. शनिवारी याने भात-सालन करायचे, रविवारी त्याने, भांडी तिसऱ्याने, संडास चौथ्याने. आमचा एक चुलतभाऊ वीस वर्षे असा राहिला. मासळीचे सालन असे करी की खोलीतली केरळची मंडळीसुद्धा वाटी घेऊन येत. दोन वर्षांनी सुट्टीवर गावी आला की तोच माणूस पडवीत बसून पाण्याचा तांब्या मागे. भावजयीने एकदा आमच्यासमोरच विचारले, “तिकडे येते ते इकडे कसे विसरता?” तो हसला. आम्हीही हसलो. लग्नाची देग बावर्ची शिजवतो, हॉटेलचा तंदूर पुरुष सांभाळतो, इज्तेमाला हजारोंचे जेवण पुरुष रांधतात. पगार असला, सवाब असला, चारचौघांचे डोळे असले की विस्तवाची लाज वाटत नाही. घरच्या ओट्यावर यांतले काही नसते. खोलीतले ते वार लावणे ही श्रमविभागणीची किती सुंदर व्यवस्था होती! त्यावर एक चांगली कथा आमच्या कोणा कोकणी लेखकाने लिहायला हवी होती. परदेशातल्या एकटेपणावर कथा पुष्कळ आल्या, सालन कोणी केले त्यावर नाही.

आता घरचे सांगणे भाग आहे. आम्ही आणि आमची पत्नी, दोघेही शिक्षक. एकच घंटा, एकच वेतनश्रेणी. घरी आल्यावर आम्ही पुस्तक उघडायचो, ती कुकर लावायची. अशी तीस वर्षे गेली आणि आमच्या नावावर समीक्षेची तीन पुस्तके जमली. निवृत्तीचे आदेश दोन वर्षांच्या अंतराने आले. आम्ही निवृत्त झालो. ती फक्त शाळेतून निवृत्त झाली.

गेल्या रमजानमध्ये सूनबाई म्हणाली, “अब्बा, तुम्ही एवढे आकडे वाचता, आपल्या घरचे लिहून बघा ना.” आम्ही वही घेतली. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. आमचे काम एका ओळीत मावत होते : इफ्तारीची फळे आणली, चाळीस मिनिटे, त्यात मशिदीपाशी गप्पा वीस मिनिटे. रुकैयाबाईंच्या चिरुटाची आठवण झाली. पत्नीचे लिहायला गेलो तर ओळी सुट्या होईनात. सव्वातीनला उठून भाकरी थापताना ती तव्यावरचे अंडे बघत होती, नातवाला झोपेतून उठवत होती आणि आमची गोळी काढून ठेवत होती. हे एक काम लिहायचे की चार? आम्ही तरावीहला जातो तेव्हा घरात काय चालते, ते तर पस्तीस वर्षांत पाहिलेच नव्हते. त्या रात्री गुडघ्याचे निमित्त करून घरी थांबलो. दस्तरखान उचलून, झटकून, घडी घालून, भांडी घासून, सहेरीचे तांदूळ धुऊन मग तिने नमाजला उभे राहायला ओढणी घेतली. अकरा वाजत आले होते.

वही आठवडाभर चालली. चौथ्या दिवसापासून आम्ही भांडी घासायला लागलो, कारण नुसते लिहीत बसायची शरम वाटू लागली. यात कौतुकाचे काही नाही. पहिल्या दिवशी दोन काचेचे पेले फुटले आणि सूनबाईने ओटा पुन्हा पुसला.

आणखी एक गोष्ट, जी या लेखात लिहावी की नाही यावर आम्ही आठ दिवस घालवले. लग्नाआधी आमच्या पत्नीच्या दोन कथा एका मासिकात छापून आल्या होत्या. तिसरी कधी आली नाही. मुस्लिम स्त्रिया लिहीत का नाहीत, या विषयावर आम्ही परिसंवादांत निबंध वाचले. शिक्षणाचा अभाव, पडदा, धर्ममार्तंडांचा दबाव अशी कारणे दिली. ते निबंध स्वच्छ अक्षरात उतरवून कोण देत असे, ते आता सांगायला नको.

हा लेख पुरा होत आला तेव्हा ‘सुलतानाज् ड्रीम’ मराठी करून तिला वाचून दाखवली. ती कैरीच्या फोडी करत ऐकत होती. चिरुटांच्या हिशेबाला मनापासून हसली. शेवटी म्हणाली, “स्वयंपाक पुरुष करतात ते ठीक. भांड्यांचे काय लिहिले आहे तिने?” आम्ही पुन्हा पाने चाळली. घरची सगळी कामे, एवढेच म्हटले आहे, भांड्यांचा निराळा उल्लेख नाही. तसे सांगितले. “मग ते मी लिहीन,” ती म्हणाली. खरेच म्हणाली की गंमत केली, कळले नाही. पुढच्या अंकासाठी साहित्य पाठवण्याची शेवटची तारीख मात्र तिने विचारून घेतली आहे.